ड्यूरियनची आढी

सिंगापूरबद्दल मला काहीच माहिती नसती, तर आमच्या रस्त्यावरच्या लोकांना त्या रविवारी ऐन जेवणाच्या वेळी घराबाहेर उभं राहावं लागलं नसतं. पण मला माहिती होती. भरपूर होती! आणि एकदा माहिती मिळाली की मला गप्प बसवत नाही, हा माझा जुना आजार आहे. (मी स्वतः फार्मासिस्ट आहे, पण यावर अजून गोळी निघालेली नाही.)

आमच्या घरी ब्रॉडबँड नुकतंच आलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. आम्ही लंडनच्या टोकाला, स्टॅनमोरला राहतो. आमचे डॉक्टर, म्हणजे माझे यजमान, हॉस्पिटलात भूल देतात. सायली आमची एकुलती एक मुलगी, इथेच जन्मलेली आणि इथेच वाढलेली. एका शनिवारी ती घरी आली, निमूटपणे चहा प्यायली आणि म्हणाली, "मम्मा, डॅड, मला लग्न करायचा आहे."

"करायचं आहे," मी म्हणाले. (आधी व्याकरण, मग धक्का. आमच्या घरात हाच क्रम आहे.)

"येस, तेच. जेरमीशी."

जेरमी आम्हाला ठाऊक होता. सिंगापूरहून इंजिनिअरिंग शिकायला आला आणि इथेच नोकरीला लागला. वडील चिनी, आई तमिळ. पोरगा इतका गुणी, की जेवण झालं की स्वतःचं ताट धुवायचा आणि त्याच हातासरशी डॉक्टरांचंही धुवायचा. त्यामुळे डॉक्टर त्याच्यावर जरा नाराजच असत, कारण तो गेल्यावर मी त्यांच्याकडे एका विशिष्ट नजरेने बघायची.

"मग अडलंय कुठे?" डॉक्टरांनी विचारलं.

"त्याचा अम्मा," सायली म्हणाली. "शी इज नॉट हॅपी, डॅड. तिला वाटतं, जेरमी इथे राहिला तर एकदम एकटा पडेल. ती म्हणते, इंग्लंडमध्ये कोणी शेजाऱ्याला ओळखत नाही, माणूस घरात मरून पडला तरी कोणाला कळत नाही. आता ती आणि अंकल इकडे येतायत. स्वतःच्या डोळ्यांनी बघणार आणि मग हो का नाही ते सांगणार."

"आणि नाही म्हणाली तर?"

"तर जेरमी तिच्या अगेन्स्ट नाही जाणार. तो परत जाईल." एवढं बोलून पोरीने कपात तोंड खुपसलं. कप रिकामा होता.

जरा वेळाने डोळे पुसून ती माझ्याकडे वळली. "मम्मा, एक प्रॉमिस कर. नो फॅक्ट्स. नो प्रोजेक्ट्स. जस्ट बी नॉर्मल."

"नॉर्मल म्हणजे कशी?"

"म्हणजे जशी तू नसतेस, तशी!"

मी तिच्या डोक्यावर हात ठेवून वचन दिलं, आणि ती गेल्या गेल्या कॉम्प्युटर लावला.

सिंगापूर म्हणजे एक शहर आणि तेच अख्खा देश! चार राजभाषा: इंग्रजी, मलय, चिनी आणि तमिळ. राष्ट्रगीत मलय भाषेत. नावाचा अर्थ सिंहाचं नगर, पण सिंह तिथे कधी राहिलाच नव्हता म्हणे. च्युइंगम विकायला बंदी, मात्र औषधी च्युइंगम डेंटिस्टकडे किंवा फार्मासिस्टकडे मिळतं. (फार्मासिस्टची एवढी कदर करणारा देश मला तिथेच आवडून गेला.) सरकारी इमारतींत चिनी, मलय आणि भारतीय कुटुंबं मिसळून राहतील असा कायदाच. आणि खाण्याच्या ठिकाणी टेबल धरायचं असेल तर लोक त्यावर टिश्यूचं पाकीट ठेवून खुशाल जेवण आणायला जातात, नि ते पाकीट कुणी उचलत नाही! आमच्याकडे एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात. तो रुमाल शांतपणे खाली टाकून त्या जागेवर बसणारे महाभाग मी पाहिलेले आहेत.

हे सगळं मी मनातल्या मनात ठेवलंही असतं. पण पुढच्या पानावर एक काटेरी फळ होतं. ड्यूरियन. आणि खाली लिहिलं होतं, 'फळांचा राजा'.

मी रत्नागिरीची आहे. फळांचा राजा कोण, हे मला कुणी वेबसाइटवरून सांगायची गरज नाही! पण फोटो जरा निरखून पाहिला आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. वरून काटे, आत पिवळे गरे, गऱ्यात आठळ्या. अहो, हा तर आमचा फणस! थोडा अशक्त, एवढंच. वास उग्र असल्यामुळे तिथल्या ट्रेनमध्ये आणि बऱ्याच हॉटेलांत न्यायला बंदी, असंही लिहिलं होतं. ते मी वाचून सोडून दिलं. फणसाच्या वासाला नाक मुरडणारी माणसं जगात सगळीकडे असतात. मला मात्र डोळ्यांपुढे दिसायला लागलं: विहीणबाई आमच्या दारात, मी त्यांच्यापुढे त्यांच्या देशाचं फळ ठेवलंय, आणि त्यांचे डोळे भरून आलेत. (माझे अगोदरच भरले होते, पण ते हे-फीव्हरमुळे, म्हणजे इथल्या परागकणांच्या ॲलर्जीमुळे. जून महिना होता. मला दोन नाकपुड्या आहेत, हे मी त्या दिवसांत केवळ शिक्षणाच्या जोरावर सांगू शकत होते.)

गुरुवारी डॉक्टर कॉन्फरन्ससाठी कार्डिफला गेले, आणि मी चायनाटाउनला.

दुकानदार म्हातारा होता. त्याने एक ड्यूरियन दोन्ही हातांनी उचलून दाखवला आणि म्हणाला, "टुडे. ईट टुडे."

मी फळावर बोटं वाजवली, कान लावला. आवाज मला पसंत पडला नाही. "कच्चं आहे," मी म्हणाले.

"नो, नो! व्हेरी रेडी. टुडे."

"हे बघा, माझ्या वडिलांच्या आगरात फणसच फणस होते. मला शिकवू नका."

"दिस नॉट जॅकफ्रूट, मॅडम."

"भाऊबंदच आहेत," मी म्हणाले. (हे मी इंग्रजीत कसं म्हणाले ते आता आठवत नाही, पण त्याने वाद सोडला.) त्याने एकात एक पिशव्या घालून फळ बांधलं, गाठीवर गाठ मारली आणि माझ्याकडे फार वेळ बघत राहिला. जाणकार गिऱ्हाईक क्वचित मिळतं म्हणून बघत असेल, असं मी धरून चालले.

परतीच्या ट्यूबमध्ये मला इतकी ऐसपैस जागा कधी मिळाली नव्हती. दर स्टेशनला माझ्या आसपासची माणसं उठून पलीकडे जात होती. एक तरुण तर पेपर नाकावर धरून वाचत होता. लंडनचे लोक वाचनात किती गढून जातात, याचं मला कौतुक वाटलं.

आता प्रश्न पिकवण्याचा. आमच्याकडे फणस उबदार कोपऱ्यात ठेवतात, खाली पेंढा आणि वर गोणपाट. स्टॅनमोरमध्ये पेंढा कुठला? पण इथल्या जुन्या घरांत एक अफलातून सोय असते, एअरिंग कपबोर्ड. वरच्या मजल्यावर, गरम पाण्याची टाकी असलेलं कपाट. चादरी-टॉवेल त्यात उबदार आणि कोरडे राहतात. मी टाकीशेजारी चुरगाळलेले पेपर पसरले, त्यावर ड्यूरियन बसवला आणि वरून जुनं ब्लँकेट पांघरलं. अगदी सुरेख आढी जमली! शुक्रवारी त्याच कपाटात रविवारची सगळी तयारीही टांगली: माझी ठेवणीतली पैठणी, डॉक्टरांचा रेशमी कुडता आणि टेबलावर घालायचं भरतकामाचं कापड. दमटपणा जावा म्हणून.

शनिवारी रात्री डॉक्टर घरात शिरले आणि दारातच थांबले. "अगं मंगल, कसला वास येतोय?"

"कुठे? मला तर नाही येत."

"तुझं नाकच चोंदलंय! काहीतरी मेलंय बहुतेक. किंवा ड्रेन तुंबलंय."

"तुम्ही आयुष्यभर लोकांना वायू हुंगायला लावता, म्हणून तुम्हाला सगळीकडे वास येतात," मी म्हणाले आणि त्यांच्या समाधानासाठी जिन्यात उदबत्त्या लावल्या. सरप्राइज फोडायचं नव्हतं.

रविवारी सकाळी पैठणी काढायला कपाट उघडलं, तर ड्यूरियन उकलला होता! देठापासून खालपर्यंत सुंदर भेग. वडिलांची आठवण होऊन मला अगदी भरून आलं. मी नेसले, डॉक्टरांना बाथरूमच्या दारातून कुडता दिला ("अगं, हा धुतलेलाच आहे ना?"), उदबत्त्यांची नवी जुडी लावली आणि सोलकढीसाठी मिक्सरवर खोबरं फिरवायला घेतलं. मिक्सर भारतातून आणलेला, त्यामुळे तो लागला की घरात दुसरं काही ऐकू येत नाही. दार कुणीतरी ठोठावत होतं, तेही मला ऐकू आलं नाही.

मिक्सर थांबला तेव्हा दार तुटायच्या बेतात होतं. उघडलं, तर पिवळ्या जाकिटातला एक दांडगा माणूस. "मॅडम, बाहेर! आत्ताच्या आत्ता! गॅस लीक आहे. कशालाही हात लावू नका, दिवा लावू नका." मग त्याची नजर जिन्यावर गेली. धुराच्या रेषा वर चालल्या होत्या. "ते... ते पेटलेलं आहे?"

"उदबत्ती," मी म्हणाले. "पाहुणे यायचेत."

त्या माणसाच्या तोंडचं पाणी पळालं.

त्याच्यामागे आमच्या शेजारीण मिसेस पॅटरसन, कुत्र्याला छातीशी धरून. आमच्या दोन घरांची मधली भिंत एकच, आणि आमच्या एअरिंग कपबोर्डच्या पलीकडे त्यांची बाथरूम. "ओह मंगल, यू आर अलाइव्ह!" असं म्हणून त्यांनी मला मिठी मारली आणि लगेच सोडली.

पाचएक मिनिटांत अख्खा रस्ता फुटपाथवर! फायर ब्रिगेडची गाडी आली. समोरचे जयंतीभाई, मूळचे नैरोबीचे, ड्रेसिंग गाउनवर बाहेर आले होते आणि जीव वाचवताना त्यांनी घरातून फक्त ढोकळ्याचं ताट उचललं होतं. कोपऱ्यावरचे सायप्रसचे आजोबा खुर्चीसकट आले. पिवळ्या जाकिटवाला हातातलं मीटर घेऊन आमच्या घरात वर-खाली करत होता, आणि डॉक्टर मला दबक्या आवाजात विचारत होते, "मंगल, तू काही केलं नाहीयेस ना?"

नेमकी तेव्हाच टॅक्सी आली.

आधी सायली उतरली. तिने फायर इंजिन पाहिलं, रस्त्यावरची गर्दी पाहिली आणि मग मला पाहिलं. त्या नजरेचं भाषांतर मी करणार नाही. मागून जेरमी, मग त्याचे वडील मिस्टर लिम, निवृत्त शाळामास्तर, हसतमुख. आणि शेवटी मिसेस लिम. कांजीवरम साडी, ताठ मान. त्या सिंगापूरच्या हॉस्पिटलात मेट्रन होत्या, आणि ते दिसत होतं. डॉक्टर नकळत दोन पावलं मागे सरकले. एवढी वर्षं नोकरी केली तरी मेट्रनची भीती जात नाही.

मी घाबरले की माझ्या तोंडातून माहिती येते. "सलामत दातांग! नी हाव! वणक्कम! हॅलो!" मी चारही राजभाषांत एका दमात म्हणाले. "तुमचं राष्ट्रगीत मलय भाषेत आहे," मी पुढे सांगितलं.

"हो," मिसेस लिम म्हणाल्या. "मला माहीत आहे."

इतक्यात पिवळ्या जाकिटवाला बाहेर आला. "विचित्र आहे," तो म्हणाला. "मीटरवर शून्य. पण वास तर..." तो हुंगत हुंगत पुढे आला. मिसेस पॅटरसनना ओलांडून, जयंतीभाईंना ओलांडून तो डॉक्टरांच्या पुढ्यात येऊन थांबला. त्यांच्या कुडत्याजवळ नाक नेलं. "सर, वास तुमच्याच अंगाला येतोय."

"मी कन्सल्टंट आहे!" डॉक्टर ओरडले.

मिसेस लिमनी एकदाच श्वास घेतला. "ड्यूरियन," त्या म्हणाल्या आणि गर्रकन नवऱ्याकडे वळल्या. "हेन्री!"

"मी नाही! शपथ! आपण तर आत्ता विमानतळावरून येतोय!"

मी हात वर केला. शाळेत करतात तसा. "मी आणला. तुमच्यासाठी. सरप्राइज. एअरिंग कपबोर्डात पिकत घातलाय, गुरुवारपासून."

"गुरुवारपासून? टाकीजवळ?" मिस्टर लिमनी डोळे मिटून घेतले. जेरमी खाली बघत होता, त्याचे खांदे हलत होते, आणि तो हसतोय की रडतोय ते मला कळेना. शेवटी त्यानेच हळू आवाजात सांगितलं, "आंटी, अम्माला ड्यूरियन अजिबात सहन होत नाही. लग्न झाल्यापासून तिने तो घरात येऊ दिलेला नाही. डॅडी रस्त्यावरच्या गाडीवर खातात, आणि घरात यायच्या आधी त्यांना शर्ट बदलावा लागतो."

सगळ्या सिंगापुरात ड्यूरियनचा द्वेष करणारी एक बाई मी शोधून काढली होती आणि तिच्या स्वागताला घरदार त्यातच बुडवून ठेवलं होतं! सायली नुसतंच "मम्मा" म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फुटपाथच्या कडेला खाली बसली, आणि मला वाटलं, संपलं. माझ्या पोरीचं चांगलं होता होता मी माझ्या हाताने मोडलं.

मिसेस लिम मला ओलांडून पुढे झाल्या. त्या सरळ मिसेस पॅटरसनकडे गेल्या. "तुम्ही गॅसवाल्यांना बोलावलंत?"

"बोलावणारच ना!" मिसेस पॅटरसन म्हणाल्या. "वास आला म्हणून मी गेले. बेल वाजवली, दार वाजवलं, दारातल्या पत्रांच्या फटीतून हाका मारल्या. ही उत्तर देईना. तिला आठवडाभर हे-फीव्हरचा त्रास आहे, नीट झोपही नाही. मला वाटलं, बिचारी आत बेशुद्ध पडलीय. ती रोज सकाळी आठच्या आत पडदे उघडते, मला माहितीय. आज ते बंदच होते."

"तुम्हाला माहितीय?" मिसेस लिम म्हणाल्या.

"आणि आज तिच्याकडे कोण येणार आहे, तेही आम्हाला माहितीय," जयंतीभाई मध्येच म्हणाले. "महिनाभर आम्ही सगळे सिंगापूरच ऐकतोय! चार भाषा, च्युइंगम, टिश्यूचं पाकीट... तुम्ही ढोकळा घ्या ना, बेन."

मिसेस लिमनी ढोकळा घेतला. सायप्रसच्या आजोबांनी उठून त्यांना खुर्ची दिली. त्या बसल्या आणि त्यांनी अख्ख्या रस्त्यावरून नजर फिरवली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "आमच्या इमारतींचा तळमजला मोकळा असतो. सगळ्यांचाच. तिथे मलय शेजाऱ्यांचं लग्न असतं, चिनी म्हाताऱ्यांचा पट मांडलेला असतो, कुणी गेलं तर तिथेच सगळे जमतात. मला वाटलं होतं, माझ्या मुलाला हे इथे मिळणार नाही."

मला ती माहिती नव्हती. वेबसाइटवर हे कुठे वाचल्याचं आठवेना. आयुष्यात पहिल्यांदा मी गप्प बसले.

त्यानंतर जे झालं त्याला जेवणावळच म्हणायला हवं. पिवळ्या जाकिटवाल्याने मास्क लावून ड्यूरियन बाहेर आणला, आणि घर वाऱ्यावर उघडं टाकायला सांगितलं. मग फायर ब्रिगेडच्या दोन जवानांनी माझं मसालेभाताचं पातेलं आणि सोलकढी बाहेर काढली. (हेल्मेट घालून सोलकढी आणणारा माणूस मी तेव्हा पाहिला तो पाहिलाच.) मिसेस पॅटरसननी बशा दिल्या. मिस्टर लिम रस्त्याच्या पार दुसऱ्या टोकाला भिंतीवर बसून त्या उकललेल्या ड्यूरियनमधून जेवढं वाचलं होतं तेवढं चाटूनपुसून खात होते, आणि एका जवानालाही त्यांनी एक गरा भरवला. त्या जवानाने हेल्मेटची काच खाली ओढली.

मसालेभात दुसऱ्यांदा घेताना मिसेस लिम म्हणाल्या, "खरं सांगू? मी ठरवून आले होते. तुमचं घर बघायचं, छान जेवायचं, गोड बोलायचं, आणि घरी पोचल्यावर फोनवर नाही म्हणायचं."

"आणि आता?" मी विचारलं.

"आता कसं म्हणू? तुमचं दार उघडलं नाही तर अर्धा रस्ता गोळा झाला." त्यांनी सायलीला हात करून जवळ बोलावलं आणि स्वतःच्या खुर्चीचा अर्धा भाग तिच्यासाठी रिकामा केला. "इथे राहा. पण लग्न आमच्याकडे, तळमजल्यावर."

सायली रडली, जेरमी रडला, मिसेस पॅटरसन रडल्या आणि मीही मनसोक्त रडले. सायली मला बिलगायला आली, पण पैठणीपासून हातभर अंतरावर थांबली आणि तिथूनच म्हणाली, "आय लव्ह यू, मम्मा."

ते लग्न पुढल्या वर्षी सिंगापूरला झालं. आम्ही विमानतळावर उतरलो, तर मिसेस लिम स्वतः घ्यायला आलेल्या. गर्दीतून वाट काढत त्या आल्या आणि त्यांनी मला गच्च मिठी मारली. सोडेचनात! त्या करड्या मेट्रन बाईंना माझा एवढा लळा लागलेला पाहून मी पार विरघळले. डॉक्टरांना म्हणालेसुद्धा, "बघा, माणसं जोडायची तर अशी."

गाडीत बसल्यावर जावयाने हळूच सांगितलं. ती मिठी नव्हती. अम्मा वास घेऊन बघत होती.